ठिणगी कुठे अडली?

मागच्या वेळी आपण जात्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंतची गोष्ट ऐकली होती. आजची गोष्ट ठिणगीची आहे. चुलीतल्या नव्हे, मोटारीच्या इंजिनातल्या ठिणगीची. ती पडेनाशी झाली तर कुठे अडली हे शोधायचं कसं, आणि हे शोधणाऱ्यांमध्ये बायका कुठे कुठे होत्या, हे आज सांगायचं आहे.

विषय सुचला तो आमच्या गटाच्या स्कूटरमुळे. पापड, कुरडया आणि मसाल्याची पाकिटं आठवडी बाजाराला न्यायला आम्ही एक जुनी स्कूटर घेतली होती. तिचे आधी किती मालक झाले ते विचारू नका. ती रोज सकाळी एका किकमध्ये चालू व्हायची. पाच-सहा किलोमीटर गेली की फाट्याच्या अलीकडे बंद. बाभळीच्या सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. दुरुस्तीला नेली. पहिल्यांदा प्लग बदलला, मग कार्बोरेटर साफ झाला, मग नवा कार्बोरेटर बसला. दोन हजारांच्या वर पैसे गेले आणि स्कूटर बाभळीखाली उभी ती उभीच. आम्ही परत परत सांगत होतो की अहो, ती गार झाली की चालते. पण तो भाऊ बोलत होता आमच्याबरोबर आलेल्या मुलाशी. मुलगा नववीत आहे, त्याने आयुष्यात कधी किक मारलेली नाही.

शेवटी शेजारच्या गावातले एक आजोबा आले. मुंबईत एका गॅरेजात आयुष्यभर फियाट आणि पद्मिनी दुरुस्त करून ते गावी परतले आहेत. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. एकच विचारलं, "बायांनो, ठिणगी कुठपर्यंत येते ते कुणी बघितलं का?" कुणीच बघितलं नव्हतं. मग त्यांनी आमच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर एक चित्र काढलं. चित्र स्कूटरचं नव्हतं. त्यांच्या गॅरेजात कधीमधी यायच्या त्या एमजी नावाच्या इंग्रजी, दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या मोटारीचं होतं. म्हणाले, "तिच्यात सगळं वेगवेगळं, डोळ्याला दिसेल असं मांडलेलं असतं. ती कळली की तुमची स्कूटर कळेल." त्या चित्राचा पाठपुरावा करताना आम्हाला जी माणसं भेटली, त्यांच्या या गोष्टी.

आधी ठिणगी म्हणजे काय ते बघू. आपल्या ओट्यावरचा गॅस लायटर दाबला की टक् असा आवाज होतो आणि टोकाशी निळी रेघ उडते. आत एक खास स्फटिक असतो, त्याच्यावर ठोका बसला की वीज तयार होते. मोटारीतही अशीच निळी रेघ हवी असते, पण ती इंजिनाच्या पोटात, पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण गच्च दाबलेलं असताना, आणि अगदी नेमक्या क्षणी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. त्यातल्या काही चुकल्या तर गाडी खोकते. सगळ्याच चुकल्या तर ती नुसती लोखंडाची पेटी.

पहिली मोटार बनवणाऱ्या जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनाही सगळ्यात जास्त छळलं ते या ठिणगीनंच. आणि ती रस्त्यात बिघडल्यावर दुरुस्त केली ती त्यांच्या बायकोनं.

बर्था बेंझ. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्यातला वाटा उचलून कार्लच्या बुडत्या कारखान्यात घातला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर स्त्रीधन मोडून यंत्र उभं केलं. १८८६ मध्ये कार्लला तीन चाकी मोटारीचं पेटंट मिळालं. पण विकत घेणार कोण? लोक बघायचे, हसायचे, घरी जायचे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, बर्थाने गाडी बाहेर काढली. बरोबर ऑयगेन आणि रिचर्ड हे दोन मुलगे. मानहाइमहून निघाली ती फॉर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरवर. कशाला? तर माहेरी, आईला भेटायला. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणतात तो हाच.

वाटेत काय काय झालं ते ऐका. इंधन संपलं. तेव्हा पेट्रोल पंप कुठला? वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. डाग काढायला वापरायचं ते द्रव, त्यावर ही गाडी चालायची. पुढे इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीला लावायच्या लांब टाचणीने मोकळी केली. उतारावर ब्रेक झिजले, तर एका गावातल्या चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आणि ठिणगीची तार? तिच्यावरचं आवरण घासून गेलं होतं. उघडी तार लोखंडाला टेकली की वीज तिथूनच निसटते, प्लगपर्यंत पोचत नाही. बर्थाने मोजा घसरू नये म्हणून पायाला बांधलेला पट्टा सोडला आणि तारेभोवती गुंडाळला. कापड आणि रबर, दोन्हीतून वीज जात नाही. गाडी चालू झाली.

ही गोष्ट सांगताना लोक त्या पट्ट्यावर हसतात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र वाटतं, खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. तार घासली आहे हे तिला कसं कळलं? ती वर्षानुवर्षं त्या कामाशेजारी होती, म्हणून तिला ठिणगीची वाट माहीत होती. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. परतल्यावर, चढावर गाडी ढकलावी लागली, तेव्हा आणखी एक गिअर द्या, हेही सुचवलं.

त्यानंतर ठिणगी पाडण्याच्या पद्धती भराभर बदलल्या. जर्मनीतल्याच बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी बसवली. त्यात बॅटरी लागत नाही, चुंबक फिरला की वीज तयार होते. आपल्या जुन्या स्कूटरचं आणि पेट्रोलवरच्या फवारणी पंपाचं कूळ हे. दुसरं कूळ अमेरिकेतलं. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशी रचना कॅडिलॅक मोटारीसाठी केली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकला बटणावर चालू होणारा स्टार्टरही दिला. तोवर समोर हँडल घालून इंजिन फिरवावं लागायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी केटरिंगच्या पद्धतीनेच पेटत राहिल्या. आजोबांच्या चित्रातली एमजीही त्यातलीच.

त्याच काळात लंडनमध्ये डोरोथी लेव्हिट नावाची तरुणी होती. मोटारीच्या एका कंपनीत टंकलेखनिक म्हणून लागली आणि पुढे शर्यतीत गाडी चालवू लागली. १९०९ मध्ये तिने बायकांसाठी मोटारीचं पुस्तक लिहिलं. त्यात गाडीच्या अडचणी आणि त्या सोडवायच्या कशा, यालाही जागा दिली. मागचं दिसावं म्हणून छोटा हातआरसा जवळ ठेवा, असंही तिने सांगितलं होतं. मोटारींना मागचं दाखवणारे आरसे सर्रास लागायला अजून बरीच वर्षं होती.

आता थोडं थांबून, ही रचना चालते कशी ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय बिघाड सापडत नाही. बॅटरीत वीज असते १२ व्होल्टची. तेवढ्यावर प्लगच्या टोकाशी ठिणगी उडत नाही. त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात, पंधरा-वीस हजारांच्या घरात. ते काम कॉइल करते. कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन गुंडाळणं. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. जाड तारेतून बॅटरीची वीज वाहत असताना ती एकदम तोडली, की बारीक तारेत विजेचा मोठा धक्का उठतो. म्हणजे ठिणगी पडते ती वीज जोडल्यावर नव्हे, तोडल्यावर. हे आम्हाला पटायला वेळ लागला. मग आमच्यातली एक म्हणाली, "अगं, पाइपातून पाणी जोरात चाललंय आणि कॉक एकदम बंद केला की पाइप कसा दणकतो, तसंच की!" अगदी तसंच. कॉक हळूहळू बंद केला तर पाइप दणकत नाही. वीजही खटक्यात तुटली पाहिजे.

ती तोडण्याचं काम पॉइंट करतात. दोन छोटे धातूचे ठिपके, एकमेकांना टेकतात आणि सुटतात. सुटताना त्यांच्यामध्ये वीज रेंगाळू नये, म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो, तो उरलेली वीज झेलतो. मग कॉइलमधला धक्का मधल्या जाड तारेतून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो. टोपीखाली रोटर फिरतो. तो पंगतीतला वाढपी समजा, एकेका सिलिंडरला त्याची ठिणगी वाढत जातो. फक्त पंगतीचा क्रम जरा गमतीचा: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा.

हे सगळे भाग इंग्लंडच्या मोटारींसाठी बनवायची ती बर्मिंगहॅम शहरातली लुकास कंपनी. रॉकेल विकत फिरणाऱ्या जोसेफ लुकासने सुरू केलेला दिव्यांचा धंदा वाढत वाढत मोटारीच्या विजेच्या सामानाचा अवाढव्य कारखाना झाला. एमजी असो, ऑस्टिन असो, मॉरिस असो, टोपण उघडलं की आत लुकासचं नाव. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही गाडी बंद पडली की लुकासला 'अंधाराचा राजा' म्हणून हसतात. हसू देत. पण त्या कारखान्यांत हजारो बायका काम करत होत्या, आणि त्यांची एक गोष्ट आहे जी टोपणाखाली दिसत नाही.

१९३१ चा जानेवारी. व्यवस्थापनाने बेडो पद्धत आणायचं ठरवलं. चार्ल्स बेडो या माणसाने काढलेली ही रीत अशी, की हातात घड्याळ घेतलेला माणूस कामगाराजवळ उभा राहणार, प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो ते लिहिणार, आणि त्यावरून सगळ्यांच्या कामाचं माप ठरणार. आपल्या सोलापूर-निपाणीच्या विडी वळणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको. हजारी पुरी करायची कशी आणि छाट किती काढतील, हा घोर त्यांना रोजचा आहे.

लुकासमध्ये जेसी ईडन नावाची कामगार होती, युनियनची सभासद. हात विलक्षण जलद. घड्याळवाले आपल्याच मागे का उभे राहतात, हे तिच्या लक्षात आलं. तिच्या वेगाने माप ठरणार आणि बाकीच्या सगळ्या त्या मापात कमी भरणार. तिने बायकांना हे सांगितलं. बहुतेक जणी कुठल्याही युनियनमध्ये नव्हत्या. तरी सुमारे १०,००० जणी बाहेर पडल्या. आठवडाभरात व्यवस्थापनाला ती पद्धत मागे घ्यावी लागली. जेसीला मात्र पुढे त्या कामावरून जावं लागलं. १९३९ मध्ये त्याच शहरात भाडेकरूंचा मोठा भाडेसंप झाला, त्यातही ती पुढे होती. जलद हाताच्या बाईचं कौतुक होतं आणि तोच वेग तिच्या शेजारणीच्या गळ्याला लावला जातो, हे तिने वेळेत ओळखलं. म्हणूनच आम्ही ही गोष्ट एवढी लांबवली.

आता एमजीकडे येऊ. हा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावात होता. तिथली सगळ्यात जास्त खपलेली गाडी म्हणजे एमजीबी. १९६२ ला आली, १९८० ला कारखाना बंद झाला, तोवर पाच लाखांहून जास्त निघाल्या. १७९८ सीसीचं साधं इंजिन, म्हणून आजही लोक ती सांभाळून आहेत. त्याच कारखान्यात शर्यतीच्या गाड्या तयार करणारा विभाग होता. तिथल्या ऑस्टिन-हीली ३००० मध्ये बसून पॅट मॉस आणि अॅन विझडम या दोघींनी १९६० साली लिएज-रोम-लिएज ही दिवसरात्र चालणारी खडतर शर्यत सगळ्यांना मागे टाकून जिंकली. बायकांचं वेगळं बक्षीस नव्हे बरं का, पहिला नंबर. अॅनची आई एल्सी विझडम हीसुद्धा शर्यतीत गाडी चालवायची. आईकडून लेकीकडे लुगडंच जातं असं नाही.

तर समजा, अशी एक एमजीबी रस्त्यात उभी आहे. काय करायचं? घाईने भाग बदलायचे नाहीत. जिथून वीज निघते तिथून चालत जायचं, आणि कुठपर्यंत ती आहे आणि कुठे नाही, ते बघायचं.

पहिलं, ती बंद कशी पडली ते आठवायचं. बटण दाबल्यासारखी झटक्यात बंद पडली, तर संशय ठिणगीवर. आचके देत, जीव जात जात बंद पडली, तर बहुतेक इंधन. हे अगदी पक्कं नाही, पण सुरुवातीला दिशा मिळते. किल्ली फिरवली की गाडीच्या मागच्या बाजूने टिक् टिक् आवाज येतो का ऐकायचं. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि तो असा टिकटिकतो. त्याची वीज आणि कॉइलची वीज एकाच किल्लीतून जाते. पंप टिकटिकला, म्हणजे किल्लीपर्यंत वीज आली आहे. (पंप अडला तर त्याला चपलेने एक दणका देऊन घरी पोचलेले लोक पुष्कळ आहेत. पण तो आजचा विषय नाही.)

टिकटिक नाही, दिवे मंद, स्टार्टर कण्हतोय, तर बॅटरी बघायची. जुन्या एमजीबीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, सीटच्या मागे, फळीखाली लपवलेल्या. नजरेआड म्हणून कुणी बघत नाही, आणि टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साठतो. टोकं घासून घट्ट केली तरी कितीतरी गाड्या चालू होतात. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत आणखी एक फसगत आहे. तिथे बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं, आपल्या ओळखीच्या पद्धतीच्या उलट. नवी बॅटरी सवयीने उलटी जोडली की चांगली गाडीही बिघडते.

इंजिन जोरात फिरतंय, पण पेटत नाही. आता ठिणगी बघायची. एका प्लगची तार काढायची, तिच्यात सुटा प्लग बसवायचा, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायचा आणि दुसरीला किल्ली फिरवायला सांगायचं. आसपास सांडलेलं पेट्रोल नको, आणि तार उघड्या हाताने धरायची नाही, झटका जबर बसतो. निळी, कडक ठिणगी उडाली तर वाट ठीक आहे, दोष प्लगमध्ये नाहीतर इंधनात. पिवळी, मरतुकडी असेल तर वीज वाटेत कुठेतरी गळते आहे. काहीच नाही, तर मागे सरकायचं.

मागे म्हणजे मधल्या जाड तारेपर्यंत. ती डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून उपसायची, कोरड्या जाड कापडात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून चार-पाच मिलिमीटर लांब ठेवायचं आणि पुन्हा इंजिन फिरवायचं. ही एकच चाचणी अर्धी वाट कापते. इथे ठिणगी असेल तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष. चोर पुढे आहे, टोपीत, रोटरमध्ये नाहीतर तारांत. टोपी काढून उजेडात धरायची. आत ओल आहे का? केसाएवढी काळी रेघ आहे का? ती रेघ म्हणजे विजेने पाडलेली पायवाट, ती तिथूनच निसटते. टोपीच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेला कोळशाचा छोटा तुकडा असतो, तो झिजून गळाला का? रोटर वरून धडधाकट दिसतो, पण त्याच्या रिव्हेटमधून वीज खालच्या दांड्याला पळते, अशा तक्रारी हलक्या प्रतीच्या नव्या रोटरांबद्दल फार आहेत. नवा भाग म्हणजे चांगला भाग, असं धरून चालायचं नाही.

मधल्या तारेवरही ठिणगी नाही, तर पॉइंटकडे. गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून हळूच ढकलली की इंजिन फिरतं आणि पॉइंट उघडतात-मिटतात ते दिसतं. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी, जाडसर लग्नपत्रिकेएवढी. पॉइंट फिरत्या दांड्यावर घासतात तिथला टाचेचा भाग झिजतो आणि फट मिटत जाते. मग वीज तुटतच नाही, आणि तुटली नाही तर ठिणगी नाही. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला एक छोटा दिवा जोडून दुसरं टोक लोखंडाला लावलं, तर पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. कधीच लागला नाही, तर दोन शक्यता. कॉइलच्या दुसऱ्या टोकालाही दिवा लागत नसेल, तर वीज कॉइलपर्यंत येतच नाही. तिथे लागतो आणि इकडे नाही, तर बहुधा कुठेतरी लोखंडाला टेकते आहे. कित्येकदा नवे पॉइंट बसवताना तारेखालची बारीक वेगळी करणारी चकती उलटसुलट बसलेली असते. दिवा सतत पेटलेला असेल, तर पॉइंट टेकतच नाहीत, किंवा डिस्ट्रिब्युटरमधली नाजूक विणलेली जमिनीची तार तुटली आहे. ही तार फार छळते, कारण ती हलता हलता कधी जोडते, कधी सोडते. गाडी घरी चालते, चढावर बंद पडते.

आणि कंडेन्सर. तो पूर्ण मेला तर बरं, लगेच कळतं. पॉइंट उघडताना त्यांच्यातच मोठ्या ठिणग्या उडतात, पॉइंट काळे पडतात आणि प्लगपाशी काही पोचत नाही. पण अर्धमेला कंडेन्सर गार असताना काम करतो. इंजिन तापलं की त्याच्या आतली पुंगळी दगा देते. अर्धा तास थांबा, तो पुन्हा साव. कॉइलही कधी कधी असंच वागते, म्हणून ती तापल्यावरच तपासायची, सकाळच्या गारव्यात नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या लक्षात आलं असेल. पाच किलोमीटर, बाभळ, अर्धा तास. आजोबांनी आमची स्कूटर मुद्दाम तापवून आणायला लावली, बंद पडल्या पडल्या प्लग लोखंडाला टेकवला आणि धाकट्या जावेला किक मारायला सांगितलं. ठिणगी पिवळी, मरतुकडी. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट दाखवले, काळे ठिक्कर. कंडेन्सर बदलला. नव्या कार्बोरेटरच्या मानाने त्याची किंमत चहापाण्याएवढी निघाली.

आता सीटखालच्या पेटीत आम्ही एक जादा कंडेन्सर, एक प्लग, प्लगपाना, पॉलिश पेपरची पट्टी आणि फट मोजायचं फिलर ठेवतो. फट लावायचं काम धाकट्या जावेकडे आहे, तिची नजर बारीक. मागच्या बाजारी बाभळीखाली दुसऱ्याच गावची एक मोटारसायकल उभी होती, मालक घामाघूम. तिने विचारलं, "दादा, ठिणगी कुठपर्यंत येते, बघितलं का?" दादांनी बघितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी याच वेळी भेटू. विहिरीवरची मोटर सारखी का जळते, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी विचारलंय, ते घेऊ. तुमच्या मोटरीच्या पेटीतल्या तारांचं चित्र काढता आलं तर काढून ठेवा, आणि चित्र काढताना मेन स्विच बंद असू द्या.